इंग्रजी शिकण्याचा आनंद



इंग्रजीविषयी बोलायचे तर ते प्राध्यापकांनी. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न ठेवता आमचा अनुभव तेवढा ऐकून घ्यावा, ही विनंती.

इंग्रजीची आणि आमची पहिली गाठ आनंदाची नव्हती. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात काही कामगारांच्या हाती थोडेबहुत पैसे आणि इंग्रजीत टंकलेला एक कागद ठेवण्यात आला. आम्हांला त्यातला आकडा तेवढा वाचता आला. ‘पैशाची पावती आहे, करा सह्या,’ असे आम्हीच सोबत्यांना सांगितले. चौदा जणांनी सह्या केल्या. पुढे वकिलांनी वाचून दाखवले, तेव्हा कळले की ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असे त्यात लिहिले होते. त्या चौदांतला एक वयस्क मुकादम आम्हांला एवढेच म्हणाला, ‘बाबा, वाचता येत नाही म्हणाला असतास, तर कागद दुसऱ्याकडे नेला असता.’

त्याच महिन्यात आम्ही रद्दीच्या दुकानातून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणली. ती कशीबशी संपवून, त्या वेळी लागू असलेला १९४७ सालचा औद्योगिक विवाद कायदा हाती घेतला. एकेका पानाला एकेक रात्र लागे. तेथे दोन लहान शब्द भेटले : ‘शॅल’ आणि ‘मे’. ‘शॅल’ म्हणजे केलेच पाहिजे. ‘मे’ म्हणजे वाटल्यास करावे. ले-ऑफच्या दिवसांत मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यायची, तेथे ‘शॅल’. तंटा न्यायाधिकरणाकडे सोपवायचा, तेथे सरकारसाठी ‘मे’. आम्ही ‘शॅल’खाली लाल आणि ‘मे’खाली निळी रेघ मारीत गेलो. कोठे हक्काने मागायचे आणि कोठे मोर्चा न्यायचा, हे त्या रेघांवरून कळू लागले. इंग्रजीचा पहिला आनंद आम्हांला व्याकरणाने दिला, हे ऐकून शाळकरी मुले हसतील!

दुसरा आनंद शब्दांच्या कुळीचा. ‘कंपनी’ हा शब्द आम्ही जन्मभर धाकाने उच्चारला. कोशात पाहिले, तर त्याचे मूळ लॅटिन : ‘बरोबर’ आणि ‘पाव’. एकत्र बसून भाकरी खाणारे, ते कंपनी! म्हणजे दुपारच्या सुटीत डबे उघडून बसलेली आमची पंगत हीच खरी कंपनी. ‘लॉर्ड’ म्हणजे जुन्या इंग्रजीत भाकरीचा राखणदार, आणि ‘लेडी’ म्हणजे तिची कणीक मळणारी. एवढ्या थोर पदव्या, पण शेवटी चुलीपाशी येऊन बसल्या.

आणखी एक गंमत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले व दरबारात फ्रेंच आली. मेंढी कळपात असेतो तिचे नाव इंग्रजी, ‘शीप’. ताटात आली की फ्रेंच, ‘मटन’. राखणारा एक आणि खाणारा दुसरा, हे त्या दोन शब्दांतच नोंदलेले आहे. आपले ‘मटण’ त्याच ताटातून आले.

हे वाचताना आमचा एक न्यूनगंड गळाला. तेथल्या न्यायालयांतही फ्रेंच चाले, आणि सामान्य इंग्रज माणूस आपल्याच खटल्यात मुका उभा राही. शेवटी १३६२ साली, तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत कायदा झाला : लोकांना फ्रेंच समजत नाही, सबब युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. म्हणजे ज्यांची भाषा पुढे आमच्या डोक्यावर बसली, त्यांचे पूर्वजही कधीकाळी आमच्याच जागी उभे होते.

आणि शेवटचा आनंद. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. तो चाळताना एक कलम सापडले : कारखान्याचे मंजूर नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावले पाहिजेत. तेथे शब्द होता ‘शॅल’. मराठीचा हक्क आम्हांला सापडला तो इंग्रजी वाचता आली म्हणून. दुसऱ्या दिवशी ते कलम घेऊन आम्ही व्यवस्थापकांपुढे उभे राहिलो. आठवड्याने फलकावर मराठी कागद लागला. कामगार घोळका करून तो मोठ्याने वाचीत होते. आम्ही मागे उभे राहून ऐकत होतो.

त्या चौदा जणांच्या नोकऱ्या मात्र परत आल्या नाहीत. म्हणून आजही कोणी कागद पुढे केला आणि त्यातला एखादा शब्द अडला, तर ‘हे आम्हांला येत नाही, कोश पाहून सांगतो,’ असे आम्ही चारचौघांत म्हणतो. श्रोतेहो, इंग्रजी जरूर शिका. पण भीतीपोटी शिकू नका, चवीने शिका. आणि अडलेल्या शब्दापाशी सही करू नका. एवढे सांगून आपली रजा घेतो.