पत्र एक, पाकिटे दहा हजार

एखाद्या संस्थेला आपल्या दहा हजार सभासदांना एकच ई-मेल पाठवायचा असेल, तर त्याच्या दहा हजार प्रती रवाना कराव्या लागतात का? तसे नाही. ई-मेलची ने-आण ज्या नियमांनी चालते, त्या एसएमटीपीचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिला. त्यात पहिल्यापासून सोय आहे : एकाच सर्व्हरकडे जाणारे पत्र एकदाच द्यायचे, सोबत पत्त्यांची यादी द्यायची, वाटप पलीकडचा सर्व्हर करतो.

याद्या चालवणारे ‘मेलमन’ नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मुळात एका खेपेला पाचशेपर्यंत पत्ते जात. समजा, चार हजार सभासदांच्या पेट्या एकाच कंपनीकडे आहेत. आठ खेपांत काम झाले! प्रत्येकाला स्वतंत्र पत्र धाडायचे, तर खेपा चार हजार. पत्र २० किलोबाइटचे असेल, तर १६० किलोबाइटच्या जागी ८० मेगाबाइट.

मग हा खटाटोप कशासाठी? वर ‘प्रिय अमुक’ असे नाव यावे म्हणून? ते मला सर्वांत गौण कारण वाटते. खरे कारण आहे परत येणारी पत्रे.

एक विद्यार्थी विद्यापीठाच्या पत्त्यावर यादीत नाव नोंदवतो. पुढे तो त्या पेटीतली पत्रे आपोआप दुसऱ्या खासगी पेटीत वळवतो, आणि कधीतरी ती खासगी पेटी बंद पडते. आता पत्र परत येते ते त्या खासगी पत्त्याचे नाव घेऊन. तो पत्ता यादीत नाहीच! यादी सांभाळणाऱ्याने शोधायचे कुणाला? विद्यार्थ्याला सूचना मिळत नाहीत, आणि मिळत नाहीत हे कुणाला कळतही नाही.

यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी नव्वदच्या दशकात आपल्या ‘क्यूमेल’ या सॉफ्टवेअरमध्ये तोड काढली. तिला ‘व्हर्प’ म्हणतात. पत्र तेच, पण पाकिटावरचा परतीचा पत्ता प्रत्येकासाठी वेगळा. त्यातच सभासदाचा मूळ पत्ता गुंफलेला. पत्र कुठूनही परत येवो, कोणाचे ते पाकिटावरच कळते. मात्र परतीचा पत्ता वेगळा म्हणजे पाकीट वेगळे, आणि पाकीट वेगळे म्हणजे खेप वेगळी. एकत्र वाटपाची बचत गेली.

मेलमनने इथे व्यवहारी मार्ग ठेवला. दर खेपेला नको, दर दहाव्या पत्राला वेगळी पाकिटे करा, असेही त्याला सांगता येत असे. मजकुरात नाव घालण्याची मुभा तर सर्व्हरच्या चालकाने दिल्याशिवाय यादीच्या चालकाला मिळतच नसे. हे योग्यच होते. हौस एकाची आणि भार दुसऱ्याच्या यंत्रावर, असे होऊ नये.

भार आता तारांचा फारसा राहिलेला नाही. तो रांगेचा आहे. चर्चेच्या यादीवर रांग लांबली, की शेवटच्या सभासदांना उत्तर आधी आणि मूळ प्रश्न नंतर, असा प्रकार घडू शकतो. शिवाय प्रत्येक प्रत वेगळी झाली, की पत्र अस्सल असल्याची डिजिटल सहीही प्रत्येकीवर वेगळी करावी लागते. ‘प्रति’च्या रकान्यात यादीऐवजी सभासदाचा पत्ता घातला, तर तो रकाना पाहून पत्रे लावून ठेवणाऱ्यांची घडी विस्कटते, ते वेगळेच.

२०२४च्या फेब्रुवारीपासून मात्र पारडे झुकले आहे. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पेट्यांकडे धाडणाऱ्यांनी जाहिरातींच्या आणि नाव नोंदवून मागवलेल्या पत्रांत एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी, असे गूगलने ठरवले. टिचकी कोणाची हे कळायला प्रत्येक पत्रात त्या सभासदाची खूण हवी. म्हणजे वेगळी प्रत आलीच.

या खुणेचा एक धोका आहे. तुम्ही पत्र मित्राकडे पुढे पाठवलेत आणि त्याने तळाचा ‘नाव काढा’ हा दुवा दाबला, तर यादीतून नाव तुमचे जाऊ शकते. टिचकीच्या बटणासाठीची खूण पत्राच्या अदृश्य शीर्षभागात असते, ती पुढे पाठवताना सहसा सोबत जात नाही. तळाशी छापलेला दुवा मात्र जातो. पत्र पुढे धाडण्यापूर्वी तेवढी ओळ खोडून टाकावी.