यष्टींमागचा माणूस

मी वारज्यात राहतो. आमच्या भागातून मुंबई-बंगळुरू महामार्ग जातो. पहाटे फिरायला निघालं की सर्व्हिस रोडवर वडिलांच्या स्कूटरवर मागे बसलेली, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी किटबॅग अडकवलेली मुलं दिसतात. सुट्टीत कोचिंग लावायचं म्हटलं की पालकांचा एक प्रश्न हमखास असतो, ‘सर स्वतः इंडियाकडून खेळलेत का?’ कवीनं क्रिकेटवर बोलावं का, असं तुम्हाला वाटेल. पण हा प्रश्न मला बरेच दिवस टोचतो आहे. तेव्हा आज चंद्रकांत पंडित यांच्याविषयी बोलतो.

पंडितांचा जन्म १९६१चा, मुंबईचा. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेला यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला पहिली कसोटी. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यातही ते होते. तो सामना आपण हरलो. १९९२पर्यंत सगळ्या मिळून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. तो काळ किरण मोरेंचा होता आणि ग्लोव्हज एकाच जोडी हातांत बसतात. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र या माणसानं आठ हजारांहून जास्त धावा केल्या. आपल्याकडे याला ‘थोडक्यात हुकलेला’ म्हणतात आणि विसरून जातात.

यष्टिरक्षकाची जागा मला फार विलक्षण वाटते. सगळे खेळाडू आत तोंड करून उभे, हा एकटा सगळ्यांकडे तोंड करून. फलंदाजाचा पाय कुठे सरकला, गोलंदाज कुठल्या षटकात थकला, स्लिपमधला कोण पेंगतो आहे, सगळं त्याला दिसतं. दिवसभरात पाचशे वेळा तो उठतो-बसतो. नीट पकडलेल्या चेंडूंची कुणी दखल घेत नाही, एक सुटला तर संध्याकाळपर्यंत चर्चा. प्रशिक्षकाचं आयुष्य याहून वेगळं कुठे असतं?

आता १९९९चा एप्रिल. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, रणजी करंडकाचा अंतिम सामना, कर्नाटक विरुद्ध मध्य प्रदेश. मुंबई सोडून गेलेले पंडित मध्य प्रदेशाचे कर्णधार. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतलेली, म्हणजे सामना अनिर्णित राहिला तरी करंडक त्यांचा. शेवटच्या दिवशी फक्त उभं राहायचं होतं. संघ १५० धावांत बाद झाला आणि ९६ धावांनी हरला. पूर्वी होळकर संघानं इंदूरला चार वेळा हा करंडक नेला होता, पण मध्य प्रदेश या नावानं तो कधीच आला नव्हता. तो पुढे तेवीस वर्षं आला नाही.

खेळ थांबला आणि पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला २००३ आणि २००४ अशी सलग दोन वर्षं रणजी जिंकून दिली. २०१६ला पुन्हा एकदा. तो अंतिम सामना तर आपल्या गहुंजेच्या मैदानावर झाला, वारज्याहून याच महामार्गानं मुंबईच्या दिशेला जा. सौराष्ट्र डावानं हरलं. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१७मध्ये, मुंबई इंदूरला गुजरातकडून अंतिम सामना हरली आणि पंडितांचं मुंबईतलं पर्व संपलं.

ते विदर्भात गेले. रणजीत उतरून साठेक वर्षं झालेल्या या संघानं अंतिम फेरी पाहिली नव्हती. वर्षभरात, त्याच इंदूरच्या मैदानावर, विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. रजनीश गुरबाणीनं हॅट्ट्रिक घेतली, विजयी फटका मुंबईहूनच आलेल्या वसीम जाफरचा. नागपुरात त्या वेळी किती घरांत फटाके वाजले असतील! २०१९ला पुन्हा विदर्भच.

या माणसाची शिस्त कडक, हे सगळेच सांगतात. पुढे आयपीएलमध्ये ते कोलकात्याचे प्रशिक्षक होते. २०२४ला त्या संघानं विजेतेपदही मिळवलं, पण त्यांची लष्करी थाटाची शिस्त परदेशी खेळाडूंना रुचली नाही, असं एका माजी खेळाडूनं उघडपणे सांगितलं. मला त्या खेळाडूचंही म्हणणं पटतं. पिकल्या वयाच्या माणसाला वेळापत्रक हातात देऊन चालवता येत नाही. पण जिथे जिंकण्याची सवयच नाही, तिथे सुरुवात वेळेवर येण्यापासूनच करावी लागते.

उर्दूत ‘इस्लाह’ नावाची एक रीत आहे. शागिर्द गझल लिहून उस्तादांकडे नेतो. उस्ताद एखादा शब्द खोडतात, एखादा बदलतात, कधी अख्खा शेर बाद करतात. मुशायऱ्यात दाद मिळते ती शागिर्दाला. माझ्याही वहीवर एका बुजुर्गानं अशी लाल शाई फिरवली होती. तेव्हा राग आला होता. आज त्यांच्या स्वतःच्या ओळी फार थोड्यांना आठवतात, खोडलेल्या जागा मात्र मला पाठ आहेत.

जून २०२२. पुन्हा चिन्नास्वामी, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मध्य प्रदेश, या वेळी पंडित प्रशिक्षक. समोर एक्केचाळीस वेळा रणजी जिंकलेली मुंबई, त्यांचं घर. सर्फराज खानच्या शतकासह मुंबईच्या ३७४ धावा. उत्तरादाखल यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं आणि ५३६ धावा. शेवटच्या दिवशी १०८ धावा हव्या होत्या, त्या चार गडी गमावून झाल्या. पोरांनी पंडितांना खांद्यावर घेतलं. त्यांचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले.

आणि त्या पालकांच्या प्रश्नाचं काय? सचिनला घडवणारे आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. शिवाय त्या दिवशी हरलेल्या मुंबईच्या तंबूतही आचरेकरांचाच एक शिष्य प्रशिक्षक म्हणून बसला होता, अमोल मुजुमदार. रणजी पदार्पणात २६०, एकूण अकरा हजारांवर धावा आणि भारताची टोपी एकदाही नाही. २ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते. कर्णधार हरमनप्रीत त्यांच्या पाया पडायला वाकली आणि त्यांनी तिला उठवून जवळ घेतलं.