डिंगल द्वीपकल्प : किनारा, बेट आणि भाषा



आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी परगण्याची भूमी पसरलेल्या पंजाच्या बोटांप्रमाणे अटलांटिक महासागरात शिरली आहे. त्यांतील सर्वांत उत्तरेकडचे बोट म्हणजे डिंगल द्वीपकल्प. त्याची लांबी जेमतेम पन्नास किलोमीटर. मधोमध डोंगरांचा कणा आणि दोन्ही अंगांना उपसागर. येथील एका प्राचीन कुळाच्या नावावरून आयरिश भाषेत या प्रदेशाला ‘कॉर्का ग्वीना’ म्हणतात. निसर्गशोभेसाठी येथे जगभरातून प्रवासी येतात. परंतु ग्रंथालयाच्या सभासदाला या भूमीकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. शे-दीडशे वस्तीच्या एका बेटाने येथून आयरिश भाषेला मोलाची ग्रंथसंपदा दिली आणि पुढे ते बेटच ओस पडले.

ट्रेली या गावाहून निघून दक्षिण किनारा धरला की प्रथम इंच नावाची पुळण लागते. सुमारे पाच किलोमीटर लांबीची ही वाळूची पट्टी थेट उपसागरात शिरलेली आहे. पुढे ॲनास्कॉल हे छोटे गाव येते. दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या तीन मोहिमांत भाग घेणारा टॉम क्रीन हा याच परिसरातला. १९१२ साली आजारी सहकाऱ्याचे प्राण वाचवावेत म्हणून तो बर्फातून सुमारे ५६ किलोमीटर एकटा चालत गेला होता. निवृत्तीनंतर गावी परतून त्याने पानगृह काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘साउथ पोल इन’. ते आजही तेथे उभे आहे.

डिंगल हे या द्वीपकल्पाचे मुख्य गाव. मासेमारीचे बंदर आणि रंगीत दर्शनी भिंतींची दुकाने हे त्याचे रूप. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी फंगी नावाचा एक डॉल्फिन या बंदराच्या मुखाशी वस्तीला आला आणि २०२० च्या ऑक्टोबरपर्यंत तेथेच राहिला. त्याला पाहण्यासाठी येणाऱ्यांच्या होड्यांवर अनेक घरांची चूल पेटली. गावाच्या ईशान्येस कॉनर खिंड आहे. ४५० मीटरांहून अधिक उंचीवरून जाणारा हा अरुंद रस्ता निरभ्र दिवशी दोन्हीकडचा समुद्र दाखवतो. उत्तरेला ९५२ मीटर उंचीचे ब्रँडन शिखर आहे. नाविक संत ब्रेंडन यांच्या नावाचे हे शिखर यात्रेकरू शतकानुशतके चढत आले आहेत. संत ब्रेंडन चामड्याच्या नावेतून पश्चिमेकडे गेले, अशी कथा आहे. तसा प्रवास शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी टिम सेव्हरिन १९७६ साली याच शिखराच्या पायथ्याच्या खाडीतून चामड्याच्या नावेने निघाले आणि १९७७ मध्ये न्यूफाउंडलंडला पोहोचले.

डिंगलहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता स्ली हेड या भूशिराला वळसा घालतो. उन्हाळ्यात त्याच्या कडेची कुंपणे फ्यूशियाच्या लाल फुलांनी भरून जातात. डनबेगचा प्राचीन दुर्ग कड्याच्या अगदी काठावर आहे. त्याचा बराच भाग लाटांनी गिळला असून २०१४ च्या जानेवारीतील वादळातही त्याची पडझड झाली. जवळच फाहन येथे मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराच्या दगडी झोपड्या आहेत. चुना न वापरता दगडावर दगड किंचित आत सरकवत नेऊन त्यांचे छत मिटवले आहे. याच रचनेचा परिपूर्ण नमुना म्हणजे पुढे उत्तरेस असलेले गॅलरसचे प्रार्थनागृह. उलट्या घातलेल्या होडीसारखी ही छोटी वास्तू शेकडो वर्षे पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर वाहवत उभी आहे.

भूशिर ओलांडले की डून खीन हे गाव येते. कड्यावरून नागमोडी उतरणारी पायवाट त्याच्या धक्क्याकडे जाते आणि समोर, चिंचोळ्या पण खवळत्या सामुद्रधुनीपलीकडे, ग्रेट ब्लास्केट हे बेट दिसते. १९१६ च्या सुमारास तेथे १७६ माणसे होती. ना डॉक्टर, ना धर्मगुरू, ना दुकान. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेले कापड ताणून केलेली हलकी होडी एवढाच बाहेरच्या जगाशी दुवा.

या बेटावरील टोमास ओ क्रोहन या कोळ्याला शाळेत इंग्रजी शिकवले गेले. मातृभाषेचे वाचनलेखन तो प्रौढपणी शिकला. १९१७ मध्ये ब्रायन केली नावाचे एक गृहस्थ आयरिश शिकण्यासाठी बेटावर आले. आपल्या जिण्यात लिहिण्याजोगे काय आहे, असे टोमासला वाटत असे. केली यांनी त्याला गॉर्कीचे लेखन आणि आइसलंडच्या समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांवरील पिएर लोती यांची कादंबरी वाचून दाखवली. सामान्य मच्छीमाराच्या आयुष्याचाही ग्रंथ होतो, हे त्याला उमगले आणि तो लिहू लागला. १९२९ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ‘द आयलंडमन’ या नावाने ते इंग्रजीत गेले. त्याच्यामागून मॉरिस ओ सुलिवान या तरुणाचे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक १९३३ मध्ये आले. पेग सेयर्स या स्त्रीला आयरिश लिहिता येत नव्हते. तिने आपली कहाणी मुलाला सांगून लिहवून घेतली आणि ती १९३६ मध्ये छापली गेली. एका वाचकाने दुसऱ्याला पुस्तक वाचून दाखवले, त्यातून या परंपरेला चालना मिळाली, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथालयाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

ओ सुलिवानच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला प्रास्ताविक लिहिले ई. एम. फॉर्स्टर यांनी. हेच फॉर्स्टर १९२१ मध्ये माळव्यातील देवास थोरली पाती या मराठी संस्थानात महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांवरचे त्यांचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ग्रेट ब्लास्केट बेट रिकामे करण्यात आले.

त्यामागची कारणे कठोर होती. तरुण मंडळी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहराकडे निघून गेली होती. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला. वादळामुळे वैद्यकीय मदत पोहोचली नाही आणि तो दगावला. त्यानंतर काही महिन्यांतच अन्न संपल्याची तार बेटावरून पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना गेली. अखेर १७ नोव्हेंबर १९५३ हा स्थलांतराचा दिवस ठरला. तेव्हा २२ माणसे उरली होती. ज्या भाषेचे वैभव राष्ट्र मिरवत होते, ती बोलणाऱ्यांच्या दारापर्यंत साधा औषधोपचार पोहोचत नव्हता.

मुख्य भूमीवरही प्रश्न सुटलेला नव्हता. डून खीनची आयरिश शाळा सरकारने १९७० मध्ये बंद केली. गावकऱ्यांनी लढा दिला आणि १९७३ मध्ये ती पुन्हा उघडली. पुढे २००५ साली डिंगल गावाचे अधिकृत नाव फक्त आयरिशमध्ये, म्हणजे ‘अन डँगन’ असे, ठेवण्यात आले, तेव्हा वाद पेटला. भाषेला मान मिळाला, असे काहींचे म्हणणे. प्रवाशांना माहीत असलेले नावच पुसले तर पोट कशावर भरायचे, असे इतरांचे. २००६ च्या मतदानात गावाने प्रचंड बहुमताने दोन्ही भाषांतील नावाचा कौल दिला आणि २०११ मध्ये कायद्याने तो मान्य झाला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. रोजगाराविना माणसे टिकत नाहीत आणि माणसांविना भाषा टिकत नाही. परंतु पर्यटन वाढते तसा बाजारपेठेत इंग्रजीचा वापरही वाढतो आणि घरांच्या किमतीही चढतात. पाटीवरचे नाव वाचले तरी घरातली भाषा वाचेलच, याची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही.

आज उन्हाळ्यात, समुद्र शांत असेल तेव्हा, होड्या प्रवाशांना बेटावर नेतात. पांढऱ्या पुळणीवर सील पहुडलेले असतात आणि वर घरांच्या उघड्या भिंती उभ्या असतात. डून खीनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ब्लास्केट केंद्रात या लेखकांची स्मृती जपली आहे. तेथे जाणाऱ्याने आधी टोमासचे पुस्तक वाचावे. मग धक्क्याची चढण, समोरची सामुद्रधुनी आणि पलीकडची छपरे उडालेली घरे ओळखीची वाटतील. ज्यांना एवढा प्रवास घडणार नाही, त्यांनाही ग्रंथालयातून ते पुस्तक मागवून घेता येईल. वस्तीने लहान, मोठ्या भाषेच्या शेजारात राहणाऱ्या समाजाला काय करता येते आणि त्याने काय गमावले, हे त्याच्या पानोपानी दिसते. आपल्या जिण्यात लिहिण्यासारखे काही नाही, असे वाटणारी माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांना वाचून दाखवणारा कोणी भेटला, तर त्यांचेही ग्रंथ होतात.