शाळेचे वायफाय आणि जुना व्हिडिओ गेम
(ईट येथे पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून कोणी व्हिडिओ गेमविषयी बोलावे, हे आपल्यापैकी कित्येकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. खेळ चांगला की वाईट, याचा निवाडा मी करणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मला बोलायचे आहे ते एका अडचणीविषयी. आपल्या गावातून बार्शीला, धाराशिवला, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांसमोर ती आज ना उद्या उभी राहते, आणि तिच्यापायी एखादा सरळ मुलगाही नको त्या भानगडीत सापडू शकतो.

अडचण अशी. मुलाने कोणाकडून तरी जुना प्लेस्टेशन ३ घेतलेला असतो. घरी तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर व्यवस्थित चालतो. वसतिगृहात मात्र सर्वांचे मोबाईल आणि लॅपटॉप वायफायला जोडले जातात, आणि हा एकटा डबा अडून बसतो. मुलगा म्हणतो, रेक्टरसाहेबांनी मुद्दाम बंद केले. रेक्टरसाहेब म्हणतात, इथे शिकायला आलात की खेळायला? वाद वाढतो, आणि डबा का जोडला जात नाही हे दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

आपल्या भूम तालुक्यात दुधाचा आणि खव्याचा धंदा मोठा आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. दूध संकलन केंद्रावर प्रत्येक सभासदाचा क्रमांक असतो. दूध मापले, फॅट काढले, की ते त्या क्रमांकाच्या खात्यावर चढते. नुसते "मी गावचाच आहे" म्हणून भागत नाही. घरच्या वायफायचे तसे नसते. तिथे एकच किल्ली, म्हणजे एकच पासवर्ड, आणि तो ज्याच्याजवळ असेल तो आत. पुष्कळशा महाविद्यालयांत आता दूध केंद्रासारखी पद्धत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड. तांत्रिक भाषेत या पद्धतीला एंटरप्राइज म्हणतात, आणि तिच्यामागच्या नियमाचे नाव ८०२.१एक्स असे आहे. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल.

प्लेस्टेशन ३ बाजारात आला २००६ साली, आणि तो घरच्या दिवाणखान्यासाठी बनवलेला. त्याला एक किल्ली विचारता येते. नाव विचारण्याची सोयच त्यात नाही. छापील अर्जात रकानाच नसेल तर माणूस माहिती भरणार कुठे? तेव्हा मुलगा खोटे बोलत नाही आणि रेक्टरही दुष्टावा करीत नाहीत. यंत्राला आपले नाव सांगता येत नाही, इतकीच गोष्ट आहे. एक्सबॉक्स ३६० ची गतही तीच.

निन्टेन्डो डीएस हा २००४ सालचा हातातला खेळ त्याहून अवघड. त्याला वायफायचे फक्त एकच कुलूप ओळखता येते, डब्ल्यूईपी नावाचे. त्या कुलपातली खोट फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिली, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील अभ्यासकांनी ते एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले. असे कुलूप आज कोणती शाळा लावील? एका जुन्या खेळण्यासाठी शाळेने ते लावावे असे म्हणणे म्हणजे एका शेळीसाठी गोठ्याचे दार रात्रभर उघडे ठेवण्यासारखे आहे.

काही ठिकाणी तिसरी तऱ्हा असते, रेल्वे स्थानकावर असते तशी. जोडल्याबरोबर एक पान उघडते, त्यात मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, मग पुढे जा. ज्या यंत्रात पान उघडण्याची सोय नाही, किंवा आहे पण इतकी जुनी की आजची पानेच तिला उलगडत नाहीत, ते तिथेच थांबते.

आता पालक विचारतील, एवढी नावनिशी कशाला? याचे उत्तर आपल्याच राज्यात घडलेले आहे. पूर्वी बिनतारी यंत्र वापरायचे तर १९३३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागे. जानेवारी २००५ मध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी ती अट सरकारने उठवली, आणि वायफाय घरोघरी पोचले. पण कुलूप लावण्याची सवय पोचली नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेल्याचे तपासात निघाले. घरात राहणाऱ्या गृहस्थाला चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढच्याच महिन्यातला दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वायफायवरून गेलेला आढळला. पाठवणारा वेगळाच होता. पण पोलीस प्रथम त्याच दारात येतात, जिथला पत्ता नोंदलेला असतो. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांच्या वायफायच्या सुरक्षेबाबत सूचना काढल्या. संस्थाचालकांना वायफायवर "कोण, केव्हा" याची नोंद हवी असते ती यासाठी. अब्रू एकदा पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत गेली, की निर्दोष सुटल्यावरही ती पूर्वीसारखी परत येत नाही, हे आपल्या समाजाला मी वेगळे सांगायला नको.

विद्यार्थी मित्रांनो, खरा धोका इथे आहे. डबा जोडला जात नाही असे दिसले, की वरच्या वर्गातला कोणी तरी हुशार मुलगा युक्ती सुचवतो. प्रत्येक यंत्रावर मॅक अ‍ॅड्रेस नावाचा क्रमांक असतो, ट्रॅक्टरच्या चासी नंबरसारखा. तो मित्र म्हणतो, नोंदणी झालेल्या दुसऱ्या कोणाच्या यंत्राचा क्रमांक आपल्या यंत्राला चिकटव. किंवा म्हणतो, सरांचा पासवर्ड मला माहीत आहे, तो टाक. हे दुसऱ्याची नंबरप्लेट लावून रस्त्यावर जाणे झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाप्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा त्याच्या ओळखीची विशिष्ट खूण कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणी म्हणेल, खेळासाठी कोण कोर्टात खेचतो? खेचत नसतीलही. पण त्याच दिवशी त्या क्रमांकावरून दुसऱ्या कोणी काही भलते केले, तर तुमच्या खेळाची वेळ आणि त्याच्या उद्योगाची वेळ वेगळी कशी काढणार?

दुसरी युक्ती घरचा राऊटर आणून खोलीतल्या भिंतीच्या सॉकेटला जोडण्याची. ही चोरी नव्हे, पण हिच्यात उपद्रव फार. तार चुकीच्या भोकात बसली, तर तो छोटा राऊटर साऱ्या मजल्याला पत्ते वाटू लागतो, आणि तेही चुकीचे. मग परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलाचेही इंटरनेट जाते, आणि कारण शोधता शोधता रात्र होते. विचारल्याशिवाय राऊटर लावू नका.

मग सरळ मार्ग कोणता? पहिली गोष्ट म्हणजे, डबा जोडून मिळणार काय ते पाहा. निन्टेन्डोने डीएसची इंटरनेट सेवा २० मे २०१४ रोजीच बंद केली आहे. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. म्हणजे वसतिगृहाचा दरवाजा महिनाभर भांडून उघडला, तरी पलीकडचे घर रिकामे असू शकते. उलट दोन डीएस जवळ असतील, तर ते राऊटरवाचून, शाळेच्या परवानगीवाचून आपसात बोलतात. खेळ तसा असला की दोघे मित्र एका बाकावर बसून खेळू शकतात. प्लेस्टेशन ३ ला दोन रिमोट लावले तर इंटरनेट लागतच नाही. मला तर हाच खेळ अधिक बरा वाटतो, समोरचा हरला की त्याचे तोंड तरी दिसते.

तरीही जोडायचेच असेल, तर प्लेस्टेशन ३ ला आणि एक्सबॉक्स ३६० ला मागे लॅन केबलचे भोक आहे. सॉकेट संस्थेने खुले ठेवले असेल तर तारेने काम सोपे होते. नसेल तर संगणक विभागाच्या प्रमुखांना यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस देऊन नोंदणी मागावी. पुष्कळ ठिकाणी टीव्ही आणि प्रिंटर अशाच रीतीने जोडलेले असतात, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनाही नाव सांगता येत नाही. स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट हा तिसरा मार्ग, वसतिगृहाच्या नियमात बसत असेल तर. त्यात पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा ठेवावा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ची, कारण प्लेस्टेशन ३ ला ५ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा आणि डब्ल्यूपीए-३ हे नवे कुलूप दोन्ही कळत नाहीत. खेळाची एकेक दुरुस्ती दिवसभराचा डेटा गिळते, हेही आधी पाहून ठेवा. रिचार्ज अब्बांच्या पैशांतून होत असतो.

पालकांना एक विनंती. मुलाने "हे का जोडले जात नाही?" असे विचारले तर त्याला झिडकारू नका. किल्ली आणि नाव यांतला फरक त्याला एका खेळण्याने शिकवला, तर त्यात आपले काय गेले? त्याला म्हणा, अर्ज लिही, मी सही करतो.

अर्ज साधा असावा. विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, खोली, यंत्राचे नाव, कोणत्या वेळात वापरणार, आणि अभ्यासाच्या तासांत बंद ठेवीन ही हमी. नकार आला तर तो मान्य करावा, कारण ते नेटवर्क संस्थेचे आहे आणि त्याचा जाब तिलाच द्यावा लागतो. मॅक अ‍ॅड्रेस प्लेस्टेशन ३ च्या सेटिंगमध्ये, सिस्टीमच्या माहितीच्या पानावर मिळतो. तो १२ खुणांचा असतो आणि कागदावर उतरवताना मुले नेहमी एकाच जागी अडखळतात: शून्य की ओ? त्यात ० ते ९ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरे येतात. ओ येतच नाही. तेव्हा गोल दिसेल तिथे बेधडक शून्य लिहा.