मैफलीमागची उमेदवारी



साहित्याच्या व्याख्यानमालेत एका डॉक्टरने संगीत महोत्सवाच्या व्यवस्थेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मंडळ साहित्याचे असो वा संगीताचे, दोघांपुढे प्रश्न एकच आहे : आपल्यानंतर हे कोण चालवणार?

आम्हा बीएचएमएसवाल्यांना वर्षभर इंटर्नशिप करावी लागते. पुस्तकातला रोगी आणि समोरच्या बाकावर बसलेला रोगी यांतले अंतर त्या वर्षात कळते. महोत्सव चालवायलाही अशीच उमेदवारी लागते. माझी झाली ती तरुणपणी, बेळगाव भागातल्याच एका छोट्या महोत्सवात. माझ्याकडे वाद्यांची सोय होती. गायिका येणार हे ठाऊक होते. त्यांची पट्टी विचारून घ्यायची असते, हे ठाऊक नव्हते. पुरुषांचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास, बायकांचा काळी चारच्या. मी आणलेला तबला मोठ्या तोंडाचा, खालच्या पट्टीचा. हातोडीने कितीही ठोकला तरी तो वर चढेना. शेवटी गावातल्या एका वादकाच्या घरून दुसरा आणला. तोवर सभागृह चाळीस मिनिटे ताटकळले.

कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी माझ्या हाती वही दिली आणि म्हणाले, "डॉक्टर, प्रत्येक कलाकाराचा केसपेपर काढा." पट्टी कोणती, तानपुरे किती, साथीला कोण, गाडी कितीची, जेवण गाण्याआधी की नंतर, मानधन किती ठरले. त्या वहीने मला जे शिकवले ते कोणत्याही भाषणाने शिकवले नसते.

हे काम दुय्यम समजू नका. कुंदगोळचे सवाई गंधर्व १९५२ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव उभा राहिला, त्याची धुरा त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी कित्येक वर्षे वाहिली. एवढ्या मोठ्या गवयाला जे काम कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या मुलांना का वाटावे?

आता तर हे काम अवघड झाले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकते, तीही वर्षाकाठी १५ दिवसांपुरती. रात्रभराच्या बैठकी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर उत्तररात्रीचे रागही मंचावरून दुर्मीळ झाले. अशा वेळी दीपप्रज्वलन आणि सत्कार अर्धा तास लांबले, तर तो अर्धा तास कोणाचा जातो? शेवटच्या कलाकाराचा, आणि तो बहुधा सर्वांत ज्येष्ठ असतो. घड्याळ सांभाळणाऱ्या उमेदवाराला वक्त्यापुढे चिठ्ठी सरकवण्याचा अधिकार हवा. तो वक्ता मंडळाचा अध्यक्ष असला तरीही!

आपण मात्र तरुणांना बोलावतो ते खुर्च्या मांडायला आणि पाणी वाटायला. तीन दिवस राबतात, बिल्ला घरी नेतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. परवान्याचा अर्ज कोणाकडे करायचा, देणगीदाराशी कसे बोलायचे, पाऊस आला तर मंडप कोठे हलवायचा, हे सारे चार वयस्कर माणसांच्या डोक्यात असते. त्यांतला एक आजारी पडला की महोत्सव आजारी पडतो.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. दरवर्षी दोन तरुणांना उमेदवार म्हणून घ्या, पहिल्या बैठकीपासून हिशेब तपासून होईपर्यंत. प्रवासखर्च आणि थोडेफार विद्यावेतन द्या. फुकटच्या कामाची किंमत देणाऱ्यालाही राहत नाही आणि घेणाऱ्यालाही. एकेक कलाकार पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा. चुकतील. चुकू द्या, पण चूक निस्तरताना शेजारी उभे राहा. आणि शेवटी त्यांच्याकडून वही लिहून घ्या.

माझी ती वही अजून दवाखान्याच्या कपाटात आहे. ती न्यायला कोणी आले, तर आनंदाने देईन.