मनाचे दुःख, शरीराचे दुखणे
(गणेशोत्सवातील भाषण)



अनंत चतुर्दशीला आपण बाप्पांना निरोप देतो आणि त्याच दिवशी आपल्या रामनगरची रामलीला सुरू होते. त्या लीलेत पुत्रवियोगाने दशरथ प्राण सोडतो. आपल्या इतिहासातही असा प्रसंग आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांनी पानिपतावर मुलगा विश्वासराव गमावला. २३ जून १७६१ रोजी ते स्वतः पर्वतीवर वारले. त्यांची प्रकृती आधीच ढासळली होती, त्यात हा घाव बसला.

दुःखाने खरेच हृदयावर परिणाम होतो का? होतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ हा विकार वर्णिला. ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचे हे नाव. मोठा धक्का बसला की अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात एकदम वाढतात आणि हृदयाचा डावा कप्पा त्या मडक्यासारखा फुगतो. छातीत दुखते, धाप लागते. पण त्यामागे रक्तवाहिनीतला अडथळा नसतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा विकार जास्त आढळतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण काही दगावतातही. रागाचेही तसेच. संतापाच्या झटक्यानंतर दोनेक तास हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो.

हे मी अनुभवाने सांगतो. आई साताऱ्याला गेली. इथून मी पोचेपर्यंत सारे आटोपले होते. परत येऊन मुकाट्याने कामाला लागलो, कुणाशी बोललो नाही. दोन महिन्यांनी छातीत दुखू लागले. ‘मनाचेच आहे’ म्हणून चार दिवस अंगावर काढले. तपासणीत रक्तदाब वाढलेला आणि एक वाहिनी अरुंद झालेली निघाली. डॉक्टर म्हणाले, “वाहिनी दोन महिन्यांत अरुंद झालेली नाही. दुखणे जुनेच होते, दुःखाने त्यावर भार टाकला.”

म्हणून दोनच विनंत्या. छातीत दुखले, तर ते मनाचे की शरीराचे हे घरी बसून ठरवू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि आपण सारे गावापासून दूर आहोत. कुणाच्या घरी वाईट बातमी आली, तर भेटून परत फिरू नका. घटकाभर बसा, त्याला बोलू द्या. मला तेव्हा त्याचीच गरज होती, आणि मीच कुणाला सांगितले नव्हते.

गणपती बाप्पा मोरया!