पक्षाघाताचे साडेचार तास

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण सापडले आणि त्यांना ठेवलेल्या नायडू रुग्णालयाचं नाव घरोघरी पोहोचलं. पुढे ससून रुग्णालयाची नवी ११ मजली इमारतही कोविडसाठी दिली गेली. याच काळात जगभरातल्या रुग्णालयांत पक्षाघाताचे रुग्ण मात्र कमी येऊ लागले. आजार थोडाच कमी झाला होता? हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तरी संसर्गाच्या धास्तीनं माणसं ‘सकाळी बघू’ म्हणत घरीच थांबत होती.

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच. कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरतं. साथीत या वेळखाऊ तयारीत पीपीई किट चढवण्याची, स्कॅनची खोली निर्जंतुक करण्याची भर पडली. ही मिनिटं टाळता येण्याजोगी नव्हती. घरी वाया गेलेले तास टाळता आले असते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कोविडनंच रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो!

तेव्हा साथ असो वा नसो, बोलणं अचानक अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा.